गेटपास नेटवर्क कार्डालाही हवा

गळीत हंगाम सुरू झाला की शिरोळ तालुक्यातले रस्ते उसाच्या ट्रॉल्यांनी भरून जातात. कारखान्यावर पोहोचलेली ट्रॉली आधी नंबर लावते, नंबर आला की काट्यावर चढते, तिथून गव्हाणीकडे जाते, रिकामी होऊन पुन्हा काट्यावर येते आणि मग बाहेर पडते. भरलेली ट्रॉली साखरेच्या गोदामात किंवा हिशेबाच्या खोलीकडे वळत नाही. ड्रायव्हर कितीही ओळखीचा असला तरी आवाराचा नियम त्याला लागू असतो. संगणकाच्या आवारात मात्र हा नियम अजून पुरता रुजलेला नाही.

केबलमधून आलेले पॅकेट नेटवर्क कार्ड स्वतःच मेमरीत लिहिते. प्रोसेसरला मध्ये घेत नाही. या पद्धतीला डीएमए म्हणतात. ती वेगासाठी आहे आणि तिची गरज खरी आहे. 10 गिगाबिटचे कार्ड पूर्ण भाराने चालले, तर मोठ्या आकाराची पॅकेटेसुद्धा सेकंदाला आठ लाखांवर येतात. प्रत्येक पॅकेट प्रोसेसरने हाताने उचलून ठेवायचे म्हटले तर दुसरे काम होणार नाही. पण कार्ड हा स्वतःच एक छोटा संगणक आहे. त्यात त्याचा प्रोसेसर असतो, त्याचे फर्मवेअर असते आणि फर्मवेअरमध्ये चुका असतात. 2010 मध्ये फ्रान्सच्या लोईक ड्युफ्लो आणि इव्ह-अलेक्सी पेरेझ या संशोधकांनी दूरवरून पॅकेटे पाठवून नेटवर्क कार्डाचा ताबा घेता येतो, हे दाखवून दिले. अशा कार्डाला सगळी मेमरी मोकळी असेल, तर पासवर्ड आणि हिशेबही मोकळेच.

यावर उपाय आहे आयओएमएमयू. इंटेल त्याला व्हीटी-डी म्हणते, एएमडी एएमडी-व्हीआय, आर्म एसएमएमयू. कार्ड आणि मेमरी यांच्या मध्ये बसलेला हा पहारेकरी आहे. कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, कार्डाला मेमरीच्या काही पानांपुरता परवाना देतो आणि काम झाले की तो रद्द करतो. परवान्याबाहेरच्या पानाला कार्डाने हात घातला की व्यवहार तिथेच अडतो.

मात्र पहारेकरी नेमला म्हणजे पहारा झाला, असे होत नाही. परवाना साधारण 4096 बाइटच्या पानाचा असतो, पॅकेट असते जेमतेम 1500 बाइटचे. त्याच पानावर कर्नलची स्वतःची नोंद असली, तर तीही कार्डाच्या हाती पडते. केंब्रिज विद्यापीठ, राइस विद्यापीठ आणि एसआरआय इथल्या संशोधकांनी 2019 मध्ये ‘थंडरक्लॅप’ या कामात नेमके हेच दाखवले. त्यांनी नेटवर्क कार्डाचे सोंग घेणारे उपकरण बनवून ते थंडरबोल्ट पोर्टला जोडले. मॅकओएसमध्ये पॅकेटाच्या नोंदीत एका फंक्शनचा पत्ता असे. तो बदलून त्यांनी यंत्रणेचा ताबा मिळवला. लिनक्सवर तर उपकरणाने ‘पत्ता मी आधीच तपासून आणला आहे’ एवढे सांगितले आणि पहारेकऱ्याने वाट सोडली. पुढे बाहेरून जोडलेल्या उपकरणांसाठी लिनक्सने ही सवलत बंद केली.

दुसरी फट वेळेची आहे. परवाना रद्द झाला तरी पहारेकऱ्याच्या हातातली जुनी यादी लगेच पुसली जातेच असे नाही. पुसायला वेळ लागतो, म्हणून लिनक्सच्या सैल पद्धतीत रद्द परवाने साठवून एकदम निकाली काढतात. त्यासाठीची मुदत 10 मिलिसेकंदांची. ऐकायला क्षुल्लक वाटते, पण वर सांगितलेल्या कार्डावर तेवढ्यात आठ हजार पॅकेटे उतरतात.

परवाना रद्द होताच यादी पुसायच्या कडक पद्धतीने वेग घटतो, ही तक्रार खोटी नाही. मोठ्या डेटा सेंटरमध्ये ती जाणवते. पण त्यावर वाट निघाली आहे. ठरावीक पाने कार्डाच्या नावे कायम करून तीच फिरवून वापरली, की परवाने पुन्हा पुन्हा काढावे लागत नाहीत. अट एकच, त्या पानांवर कर्नलने आपले दुसरे काही ठेवू नये आणि त्यांवरचा मजकूर उतरवून घेऊन मगच तपासावा.

आमचे म्हणणे असे की, बाहेरून जोडलेले उपकरण परके आणि पेटीच्या आतले आपले, हा भेद नेटवर्क कार्डाला लावू नये. कार्ड आत असले तरी त्याच्यावर उतरणारा माल बाहेरचाच असतो. म्हणून विलगीकरण मुळातच चालू आणि कडक असावे. ज्याला वेगासाठी ते सैल करायचे आहे त्याने मोजमाप करून, जाणीवपूर्वक करावे.

हा प्रश्न फक्त दूरच्या डेटा सेंटरचा नाही. पतसंस्था, दूध संस्था, ग्रामपंचायत, कारखाना यांचे हिशेब आज सर्व्हरवरच आहेत. नवा सर्व्हर घेताना खरेदीच्या अटींत आयओएमएमयूची एक ओळ घालावी. जुन्यावर बायोसमध्ये ते चालू आहे का आणि कर्नल कोणती पद्धत वापरतो, हे देखभाल करणाऱ्याला विचारावे. या आकाराच्या कार्यालयात कडक पद्धतीचा भार सहसा जाणवणारही नाही. काटा संगणकाला जोडलेला असेल, तर उसाचे वजन केबलमधून जाऊन याच मेमरीत उतरते आणि त्यावरून शेतकऱ्याचे बिल निघते. ट्रॉलीला जो नियम आपण फाटकावर लावतो, तोच त्या आकड्याच्या वाटेवरही लावला पाहिजे.