गिरणगावाचा बाजार

वरळीच्या बी.डी.डी. चाळींतील ५५६ कुटुंबांना १४ ऑगस्ट २०२५ रोजी नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. एकशेसाठ चौरस फुटांच्या खोलीत पिढ्या काढलेल्या या माणसांच्या वाट्याला पाचशे चौरस फुटांचे मालकीचे घर आले आणि त्यासाठी त्यांना किंमत मोजावी लागली नाही. या घटनेचे मनःपूर्वक स्वागतच केले पाहिजे. परंतु त्याच वर्षीच्या जुलैमध्ये गिरणी कामगार आणि त्यांचे वारस आझाद मैदानावर जमले होते, याचाही विसर पडता कामा नये. त्यांची मागणी साधी होती : हक्काचे घर मुंबईतच मिळावे, कर्जतच्या वाटेवरच्या शेलू-वांगणीला रवानगी होऊ नये. एकाच शहरातल्या, एकाच श्रमिक वर्गाच्या दोन गटांच्या वाट्याला इतके भिन्न भवितव्य का यावे? याचे उत्तर जमिनीच्या मालकीत आहे. बी.डी.डी. चाळींखालची जमीन सरकारची होती. गिरण्यांखालची जमीन बाजाराच्या स्वाधीन करण्यात आली.

१८५६ मध्ये ताडदेवला मुंबईची पहिली कापडगिरणी सुरू झाली. पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांत परळ, लालबाग, वरळी, भायखळा या पट्ट्यात सुमारे सहाशे एकर जमीन गिरण्यांनी व्यापली. ही जमीन उद्योगासाठी, लोकांना रोजगार मिळावा म्हणून होती. कित्येक गिरण्यांना ती दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने मिळालेली होती. तिची आजची किंमत मालकांच्या कर्तबगारीतून निर्माण झालेली नाही. तिच्याभोवती रेल्वे आली, रस्ते झाले, करदात्यांच्या पैशातून नळाचे पाणी आले. कोकण-घाटावरून आलेल्या लाखो माणसांनी येथे घाम गाळला आणि एका ओसाड कोपऱ्याचे शहर केले. समाजाने निर्माण केलेल्या या वाढीव मूल्याला अर्थशास्त्रात अनर्जित उत्पन्न म्हणतात. ते कोणाच्या खिशात जावे, हाच पुनर्विकासाचा मूळ प्रश्न आहे. बाकी सारे तपशील आहेत.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. संप मोडला, गिरण्या एकेक करून थंडावल्या, आणि कापडापेक्षा जमीन विकण्यात अधिक लाभ आहे हे मालकांच्या ध्यानात आले. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने या मोहाला काही लगाम घातला होता. गिरणीची जमीन विकसित करायची तर ढोबळमानाने एक तृतीयांश महापालिकेला मैदाने-उद्यानांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, आणि उरलेली मालकाला, अशी ती वाटणी होती. त्यातही पळवाट निघाली. जुने बांधकाम जमीनदोस्त न करता आतला वापर बदलला, की वाटणीचा प्रश्न टळत असे. गिरणीची शेड ऐसपैस, मधे भिंती नसलेली. दुकाने थाटायला तिच्याइतकी सोयीची जागा कोणती? १९०५ साली सुरू झालेल्या फिनिक्स मिलच्या आवारात बोलिंग अ‍ॅली आली, भव्य दुकाने आली, आणि जिथे भोंगा वाजत असे तिथे झगमगाट झाला. गिरणगावात मॉलने पाऊल टाकले ते असे.

पुढे पळवाटीचीही गरज उरली नाही. २००१ मध्ये राज्य सरकारने नियमच बदलला. वाटणी सबंध जमिनीची न होता केवळ मूळच्या मोकळ्या जागेची व्हावी, असे ठरले. गिरणीचे आवार बहुतांशी शेडने व्यापलेले असे. त्यामुळे ‘मोकळी’ या एका शब्दाने शहराचा दोन तृतीयांश हिस्सा नाममात्र तुकड्यावर आला. २००५ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हा डाव उधळला. ७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि बदललेला नियम वैध ठरवला. त्या आधीच राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने गिरण्यांची विक्री सुरू केली होती. मुंबई टेक्स्टाईल मिलची सुमारे सतरा एकर जमीन २००५ मध्ये ७०२ कोटी रुपयांना गेली. सरकारी मालकीच्या जमिनीचा लिलाव सरकारी महामंडळानेच पुकारला, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. चार्ल्स कोरिया यांच्या समितीने १९९६ मध्ये याच महामंडळाच्या गिरण्यांचा एकत्रित आराखडा मांडला होता. तो कागदावरच राहिला.

या व्यवहारातून गिरणगावाला काय मिळाले? रोजगार मिळाला, असे सांगितले जाते. गिरणी कामगार कायम नोकरीचा, भविष्यनिर्वाह निधीचा आणि युनियनचा हक्कदार होता. त्याचा मुलगा कंत्राटदाराच्या हजेरीपटावर पहारेकरी किंवा सफाई कामगार झाला. गिरणीच्या तीन पाळ्यांवर एक मोठा लहान बाजार जगत होता. खानावळ चालवणाऱ्या बाया, भाजीवाले, चहावाले, शिंपी, उधारीच्या वहीवर महिना काढून देणारा वाणी, ही सारी एकमेकांना धरून उभी होती. मॉलच्या दारात यांना जागा नाही आणि बाहेरच्या पदपथावर पालिकेची गाडी त्यांना टिकू देत नाही. ज्या परिसराचा पैसा परिसरातच फिरत होता, तिथला पैसा आता दूरच्या भागधारकांकडे जातो.

आणि शहराने माणसांच्या जिवानेही किंमत मोजली. गिरण्यांच्या जागी कचेऱ्यांचे मनोरे उभे राहिले; तिथे रोज येणाऱ्या लाखोंच्या पायाखालचे पूल मात्र जुनेच राहिले. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या जिन्यावर चेंगरून २३ माणसे मेली. त्याच वर्षी २९ डिसेंबरला कमला मिलच्या आवारातील उपाहारगृहांना लागलेल्या आगीत १४ जणांचा बळी गेला. शहराच्या हिश्शाची जमीन शहराकडे राहिली असती, तर रस्ते रुंद करायला, स्थानकांना मोकळे आवार द्यायला जागा उरली असती. एका नियमातला एक शब्द बदलण्याचे परिणाम असे दूरवर पोचतात.

या टीकेला उत्तर म्हणून विकासविरोधाचा शिक्का ठरलेला असतो. तो निराधार आहे. सामाईक संडासासमोर पहाटे रांग लावणाऱ्या बाईला चाळीच्या आठवणींचे कौतुक ऐकवणे ही क्रूर थट्टा ठरेल. तिला घर हवे, उद्वाहक हवा, घरात नळ हवा, आणि ते सारे तिला तिच्याच वस्तीत हवे. मॉललाही तत्त्वतः विरोध असण्याचे कारण नाही. वाद आहे तो क्रमाचा. आधी राहणाऱ्यांची घरे, मग मुलांची मैदाने, मग परिसरातल्या विक्रेत्यांची मंडई, आणि त्यानंतर उरेल ते बाजाराला, असा क्रम असावा. गिरणगावात तो नेमका उलटा लावला गेला. जून २०१२ मध्ये कामगारांसाठी ६,९२५ घरांची सोडत निघाली, मार्च २०२० मध्ये ३,८९४ घरांची. अर्ज दीड लाखाच्या घरात. दत्ता इस्वलकर यांनी १९८९ पासून बंद गिरण्यांच्या कामगारांना संघटित केले नसते, तर एवढीही घरे हाती लागली नसती. त्यांचे २०२१ मध्ये निधन झाले. यादीतले कित्येक कामगार त्यांच्याही आधी गेले.

हतबल होण्याचे मात्र कारण नाही. दादरच्या इंदू मिलची सुमारे बारा एकर जमीन आज डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या स्मारकासाठी राखली गेली आहे. डिसेंबर २०११ मध्ये कार्यकर्ते त्या आवारात शिरले, ठाण मांडून बसले, आणि वर्षभरात केंद्र सरकारला जमीन देण्याची घोषणा करावी लागली. गिरणीची जमीन सार्वजनिक होऊ शकते, हे त्या लढ्याने सिद्ध केले.

आता मागण्या नेमक्या असल्या पाहिजेत. सरकारी महामंडळाकडे उरलेली गिरण्यांची एक गुंठाही जमीन लिलावात जाता कामा नये. तिच्यावर पहिला हक्क घराच्या यादीतील कामगारांचा. जुन्या वस्तीच्या प्रत्येक पुनर्विकास योजनेत तिथल्या दुकानदाराला आणि २०१४ च्या कायद्याने संरक्षण दिलेल्या फेरीवाल्याला त्याच परिसरात जागा मिळाली पाहिजे. योजनेचा नकाशा आणि हिशेब रहिवाशांपुढे मराठीत मांडल्याखेरीज संमतीच्या कागदावर सही घेतली जाऊ नये. चळवळीच्या कार्यकर्त्यांनी ही मागणी निवेदनापुरती न ठेवता चाळीचाळीत, मजल्यामजल्यावर जाऊन नियम समजावून सांगितले पाहिजेत. २००१ चा बदल झाला तेव्हा ‘मोकळी’ या शब्दाचा अर्थ ज्यांचे घर जाणार होते त्यांनाच ठाऊक नव्हता. पुढचा शब्द बदलण्यापूर्वी तो त्यांना ठाऊक असला पाहिजे.