उभे दगड, आडवे दगड

उन्हाळ्यात उजनीचे पाणी ओसरले की इंदापूर तालुक्यातील पळसदेवकडे लोकांची पावले वळतात. भीमेवरील हे धरण १९८० च्या सुमारास पूर्ण झाले. जुने गाव पाण्याखाली गेले. पळसनाथाचे प्राचीन मंदिर मात्र दुष्काळी वर्षी जलाशयातून वर येते. २०२४ मध्ये ते असेच प्रकटले. शिखराची छायाचित्रे घरोघरी पोहोचली. आवारातील वीरगळ आणि सतीशिळा त्यांत क्वचितच दिसल्या.

वीरगळ खालून वर वाचायचा असतो. तळाच्या चौकटीत धारातीर्थी पडलेला वीर, पुष्कळदा त्याच्या बाजूला गायी. त्यावर युद्धप्रसंग, मग वीराला स्वर्गाकडे नेणाऱ्या अप्सरा, शेवटी शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्रसूर्य. बारामती-इंदापूरच्या अवर्षणग्रस्त माळरानावर गोधन हीच संपत्ती होती. ते राखताना जो पडला, त्याची स्मृती गावाने दगडात कोरली. बहुतेक शिळांवर अक्षरही नाही. राजांच्या बखरी झाल्या, या माणसांना एवढा दगडच लाभला.

मृतासाठी शिळा उभारण्याची रीत महाराष्ट्रात त्याहून फार जुनी आहे. नागपूरजवळ जुनापाणी येथील लोहयुगीन शिळावर्तुळे तिची साक्ष देतात. वीरगळ मात्र बहुतांशी मध्ययुगीन आहेत. त्यांना ओढूनताणून प्रागैतिहासिक ठरविल्याने त्यांचा मान वाढत नाही.

मूर्तिभंजक आक्रमकांच्या नावाने बोटे मोडणे सोपे आहे. परंतु आज गावोगावी जीर्णोद्धाराच्या नावाखाली जे चालते, त्याचे काय? गाभाऱ्याला चकचकीत फरशी बसते आणि दारातला वीरगळ पायरीला, नाहीतर धुणे धुण्याच्या जागी आडवा होतो. कोठे त्याला शेंदराचे, कोठे तैलरंगाचे पुट चढते. कोरीव रेषा बुजतात आणि करणाऱ्यांना पुण्य जोडल्याचे समाधान मिळते! शंभर वर्षांपूर्वीचे शिल्प १९७२ च्या कायद्यानुसार पुरावशेष ठरते, हे किती जीर्णोद्धार समित्यांना ठाऊक असते?

पुरातत्त्व खात्याची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. गावातील शिक्षक आणि चार तरुण एका रविवारी हे काम करू शकतात. शिळा कोठे आहे, तोंड कोणत्या दिशेला आहे, उंची किती, चौकटी किती, एवढे वहीत नोंदवावे, छायाचित्र घ्यावे. तारेच्या ब्रशने घासू नये, आम्ल लावू नये. आणि जाणकाराला दाखविल्यावाचून जागेवरून हलवू नये, कारण जागा बदलली की ती कोणत्या वेशीची, कोणत्या चकमकीची, हा दुवाच तुटतो. पळसदेवच्या शिळांची नोंद तर पाणी उतरलेल्या थोड्या दिवसांतच करावी लागेल.