आगंतुकांना हुसकून लावा!

संगणक विकत घेतला तुम्ही. त्याचे हप्ते फेडले तुम्ही, विजेचे बिल भरता तुम्ही, इंटरनेटचे पैसेही तुमच्याच खिशातून जातात. आणि सकाळी बटण दाबल्यावर त्या यंत्रावर पहिला ताबा कुणाचा? तर तुम्ही कधीही न बोलावलेल्या डझनभर प्रोग्रामांचा! मुलीला शाळेचा प्रकल्प टाइप करायचा आहे, आजोबांना पेन्शनचे स्टेटमेंट काढायचे आहे. दोघेही पडद्यावर फिरणाऱ्या गोलाकडे बघत बसतात. कारण त्याच वेळी प्रिंटरच्या कंपनीला शाई विकायची असते, कधीकाळी एका मीटिंगपुरत्या घेतलेल्या अ‍ॅपला हजेरी लावायची असते, गेमच्या दुकानाला आजची सवलत दाखवायची असते. ही घुसखोरी आहे. तिला कितीही गोंडस नावे दिली तरी ती घुसखोरीच राहते, आणि ती मुकाट्याने सोसण्याची आपली सवय तिच्याहून घातक आहे.

या सवयीची किंमत सामान्य घरे मोजतात. मशीन 'स्लो' झाले, 'हँग' होते, अशी तक्रार घेऊन माणूस लॅमिंग्टन रोडला जातो, तपकीर गल्लीत जातो, नाहीतर तालुक्याच्या गावातले दुकान गाठतो. मुळात शिरून दोष शोधणारे कारागीर तिथे आहेत, आणि त्यांच्याविषयी आम्हाला आदर आहे. पण ठरलेली दोन उत्तरे सगळीकडे ऐकू येतात: 'फॉरमॅट मारून देतो', किंवा 'आता नवा घ्या'. पहिल्यात बॅकअप न घेतलेले लग्ना-बारशाचे फोटो जातात, दुसऱ्यात पगार. टाळेबंदीत मुलांच्या ऑनलाइन शाळेसाठी पोटाला चिमटा काढून घेतलेले चार जीबी रॅमचे लॅपटॉप आज असेच अडगळीत चालले आहेत. विंडोज ११ची किमान अटच चार जीबीची आहे. म्हणजे अशा यंत्रात नुसती विंडोज उभी राहिली की उरते थोडकी जागा. तीही पाच-सहा उपऱ्यांनी अडवली की रॅममधला मजकूर डिस्कवर हलवावा लागतो, आणि डिस्क रॅमपेक्षा कितीतरी संथ. जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर विचारायलाच नको. दोष यंत्राच्या वयाचा नाही. फॉरमॅट मारूनही तो जात नाही, कारण 'नेक्स्ट, नेक्स्ट' करत आपण तीच मंडळी पुन्हा आत घेतो.

कुणी म्हणेल, नावाजलेल्या कंपन्यांचे प्रोग्राम आहेत, राहिले पडून तर बिघडले कुठे? बिघडले कुठे ते इतिहासाला विचारा. २००५ साली सोनी बीएमजीच्या गाण्यांच्या सीडीबरोबर नक्कल रोखण्याच्या नावाखाली एक प्रोग्राम लोकांच्या संगणकात शिरला आणि खुद्द विंडोजलाही दिसणार नाही असा लपून बसला. मार्क रसिनोविच या तज्ज्ञाने त्याचे बिंग फोडले तेव्हा कंपनीला त्या सीडी परत घ्याव्या लागल्या. २०१५ साली उघड झाले की लेनोवोच्या नव्या कोऱ्या लॅपटॉपांत 'सुपरफिश' नावाचा जाहिरातबाज आधीच घालून ठेवला होता. पानांत जाहिराती घुसवता याव्यात म्हणून तो सुरक्षित जोडणीच्या मध्ये जाऊन उभा राहत असे, बँकेच्या जोडणीच्यासुद्धा! त्यासाठीची गुप्त किल्ली सगळ्या लॅपटॉपांत एकच होती. ती ज्याच्या हाती पडेल त्याला लाखो लोकांच्या पासवर्डांवर डोळा ठेवणे शक्य होते. आणि अ‍ॅव्हास्ट? राखणदार म्हणून बसवलेला हा अँटीव्हायरस, आणि आपलेच वापरकर्ते कोणकोणत्या साइटवर जातात याची माहिती त्याच्या उपकंपनीने शंभरहून अधिक गिऱ्हाइकांना विकली. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२४ मध्ये त्याबद्दल १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. नाव मोठे आहे म्हणून डोळे मिटून भरवसा ठेवणारांनी ही तीन उदाहरणे घरात चिकटवून ठेवावीत.

नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसाने काम संपल्यावर ओसरीवर पथारी पसरली, तर त्याला आपण क्षणभर थारा देणार नाही. मग संगणकातच हा भिडस्तपणा कशासाठी? भीती वाटते म्हणून. 'काहीतरी दाबले जाईल आणि सगळे बंद पडेल', ही ती भीती. ती अज्ञानातून आली आहे आणि पंधरा मिनिटांत जाणारी आहे.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात 'स्टार्टअप अ‍ॅप्स' या विभागात जा. विंडोज १०मध्ये त्याचे नाव नुसते 'स्टार्टअप' आहे. संगणक सुरू होताच आपोआप उठणाऱ्यांची बहुतेक यादी तिथे आहे: नाव, कंपनी, आणि सुरुवातीला किती भार टाकतो तो शेरा. 'हाय' असा शेरा असलेल्या ओळी आधी पाहा. जे रोज लागत नाही त्यावर उजवी क्लिक करून 'डिसेबल' म्हणा. प्रोग्राम पुसला जात नाही. हवा तेव्हा तुम्ही उघडाल, फक्त तो स्वतःच्या मर्जीने उठणार नाही. चुकले वाटले तर तिथेच 'एनेबल' आहे.

मात्र तारतम्य सोडू नका. विंडोज सिक्युरिटी, टचपॅड, आवाज यांच्या ओळींना हात लावू नका. मराठी टाइप करायला आयएसएमसारखे काही वापरत असाल तर तेही राहू द्या, नाहीतर देवनागरी उमटणार नाही. जे ओळखीचे नाही त्याचे नाव आधी शोधून पाहा. सुरक्षेचे अपडेट तर कधीच बंद करू नका. ब्राउझर जुना ठेवणे म्हणजे चोराला आमंत्रण. पण खिडकी मिटल्यावरही ब्राउझरने पार्श्वभूमीवर चालत राहण्याची गरज नाही: क्रोम आणि एज दोघांच्याही सेटिंग्जमध्ये 'सिस्टीम'खाली ती सवय बंद करण्याची सोय आहे, आणि एजमधले 'स्टार्टअप बूस्ट'ही तिथेच बंद होते. ज्याची गरज मुळीच नाही ते सेटिंग्जच्या अ‍ॅप्स विभागातून सरळ काढून टाका. यापुढे काहीही बसवताना 'रेकमेंडेड'वर बोट न ठेवता 'कस्टम' निवडा आणि आधीच टिचकी मारून ठेवलेले चौकोन रिकामे करा. जावा बसवणाऱ्या लाखोंच्या ब्राउझरमध्ये वर्षानुवर्षे 'आस्क'चा टूलबार अशाच चौकोनातून शिरला.

पण एकट्या गृहस्थाने रोज पहारा द्यायचा आणि कंपन्यांनी रोज नवी फट शोधायची, हा न्याय कुठला? जबाबदारी ज्याने घुसवले त्याची असली पाहिजे. २०२३च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने संमतीची व्याख्या चोख केली आहे: ती मुक्त, नेमकी, माहितीपूर्ण, बिनशर्त आणि स्पष्ट कृतीतून दिलेली हवी. आधीच टिचकी मारलेला चौकोन या कसोटीवर क्षणभरही टिकत नाही. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ग्राहकाला फसवणाऱ्या 'डार्क पॅटर्न'चे तेरा प्रकार अधिसूचित केले. त्या यादीत चौदावा प्रकार हवा: स्पष्ट होकाराशिवाय स्वतःला स्टार्टअपमध्ये नोंदवणारा प्रोग्राम. नव्या संगणकात कंपनीने काय काय भरून पाठवले आहे हे खोक्यावर छापणे बंधनकारक करा, आणि प्रत्येक गोष्ट काढून टाकता आलीच पाहिजे असा नियम करा. अशक्य आहे असे कुणी सांगू नये. युरोपात कायद्याने डोळे वटारले तेव्हा तिथल्या ग्राहकाला एजसुद्धा काढून टाकण्याची मुभा मायक्रोसॉफ्टने दिलीच. युरोपातल्या गिऱ्हाइकाला जे मिळते ते सांगलीच्या, वाशीमच्या, म्हापशाच्या गिऱ्हाइकाला का मिळू नये?

शिक्षण देणाऱ्यांनाही आमचे सांगणे आहे. एमएस-सीआयटीने २००१ पासून महाराष्ट्रातल्या लाखो लोकांच्या हाती माउस दिला, हे मोठे काम आहे. आता प्रत्येक संगणकवर्गाने पत्र टाइप करण्याच्या आधी टास्क मॅनेजर शिकवावा. ज्याला आपल्या यंत्रात काय चालले आहे ते दिसत नाही तो संगणक-साक्षर झाला, असे प्रमाणपत्र कुणी देऊ नये.

वाचकहो, आजच रात्री ती तीन बटणे दाबा आणि शेजारच्या घरीही दाबून दाखवा. न विचारता काही बसवले गेल्याचे आढळले तर पडद्याचे छायाचित्र घ्या आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा.