तपासणी म्हणजे झडती नव्हे

सिंगापूरमधल्या आपल्या गप्पांत एक वाक्य हमखास येते: "इथे पोलीस कधीही, कुठेही शिरू शकतात, म्हणून बंदुका नाहीत. भारतातही असेच हवे." तुम्हीही ते कधीतरी म्हणाला असाल. ते चूक आहे, आणि त्याची किंमत गावाकडचे तुमचे आईवडील मोजतील.

आधी इथले पाहा. १९७३च्या शस्त्र-गुन्हे कायद्याखाली बेकायदा बंदूक बाळगल्यास ५ ते १० वर्षे कैद आणि किमान ६ फटके आहेत. इजा करण्याच्या हेतूने गोळी झाडल्यास फाशी. परवानाधारक नेमबाजाची बंदूकसुद्धा घरी जात नाही, क्लबच्या शस्त्रागारात राहते. तिथे पोलीस तपासणीला आले, तर ते कोणाच्या देवघरात येत नाहीत. माझ्या प्रयोगशाळेतही तपासणी होते. तपासनीस रसायनांचे कपाट उघडतो, माझे दप्तर नाही.

आता कोकणात या. रानडुकरे आणि माकडांपासून पीक राखायला शेतकऱ्याला ठासणीच्या बंदुकीचा परवाना मिळतो. डुक्कर रात्री येते, म्हणून बंदूक तालुक्याला ठेवून चालत नाही. ती घरातच असते. तिथे बंदूक तपासायला येणे म्हणजे घरात येणे. नेमका हाच फरक आपण विसरतो.

भारताच्या १९५९च्या शस्त्र कायद्याने तो ओळखला आहे. कलम २२ नुसार दंडाधिकाऱ्याला एखाद्याकडचे शस्त्र सार्वजनिक शांततेला धोकादायक वाटले, तर परवाना असला तरी तो घराची झडती घडवून शस्त्र जप्त करवू शकतो. पण त्याआधी आपल्या समजुतीची कारणे त्याने नोंदवली पाहिजेत. झडतीही दंडाधिकाऱ्याने किंवा खास अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याने, नाहीतर त्यांच्या समक्षच व्हायला हवी.

"तोवर गुन्हेगार बंदूक लपवेल," असे तुम्ही म्हणाल. नाही. तपास चालू असताना निकड असेल तर ठाणे अंमलदार वॉरंटाची वाट न पाहता झडती घेऊ शकतो. त्यानेही कारणे लिहायची असतात. १ जुलै २०२४ पासून झडतीचे चित्रीकरणही बंधनकारक आहे. म्हणजे कायदा घाईला अडवत नाही, मनमानीला अडवतो.

कारण लिहिण्याची अट काढली तर काय उरेल? भाऊबंदकीतला एक निनावी अर्ज, निवडणुकीच्या तोंडावर पुढाऱ्याचा एक फोन, आणि म्हाताऱ्या माणसांच्या घरातली उघडलेली कपाटे. बंदूक आणि परवाना दाखवायला कोणाचीच हरकत नसावी. पण त्यापुढे ट्रंका, कागद, फोन चाळायचे असतील, तर ती तपासणी राहत नाही.

म्हणून पुढच्या वेळी ते वाक्य ऐकले की गप्प बसू नका. विचारा: इथली बंदूक कुठे असते, आणि तुमच्या बाबांची कुठे?