सिकलसेल : तपासणी एकेकाची, हिशेब जोडप्याचा

राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झाले. १७ राज्यांतील सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, हे त्याचे उद्दिष्ट. नंदुरबारमध्ये सुमारे ६९ टक्के लोकसंख्या आदिवासी असल्याने हा विषय आपल्या घरातला आहे. अभियानाच्या बातम्यांत ‘इतके तपासले, इतके वाहक सापडले’ असे आकडे येतात. मात्र हा आजार बाळाला होतो तो आई आणि वडील या दोघांकडूनही सिकलचा जनुक आला तर. म्हणून खरा हिशेब जोडप्याचा.

उदाहरणापुरती १००० जोडपी घेऊ. १०० नवरे वाहक, १०० बायकाही वाहक. आडव्या ओळींत नवरा आणि उभ्या रकान्यांत बायको, असा चार खणांचा तक्ता मांडा. वाहक असण्या-नसण्याचा लग्न जुळण्याशी संबंध नसेल, तर दोघेही वाहक असण्याची शक्यता दहातला एक गुणिले दहातला एक, म्हणजे शंभरात एक. अशी जोडपी १०. फक्त नवरा वाहक अशी ९०, फक्त बायको वाहक अशी ९० आणि दोघेही नाहीत अशी ८१०. निदान एक जण वाहक असलेली जोडपी २०० नव्हेत, १९०; कारण दोघे वाहक असलेली १० जोडपी बेरजेत दोनदा मोजली जातात.

आता प्रत्यक्षाकडे या. सोयरीक बहुधा आपल्याच जमातीत, ओळखीच्या गावा-पाड्यांत होते. समजा, निम्म्या जोडप्यांच्या गावांत वाहक कोणीच नाही आणि उरलेल्या ५०० जोडप्यांत दर पाचांतला एक नवरा व एक बायको वाहक आहे. एकूण वाहक तेवढेच, १०० आणि १००. पण दोघे वाहक असलेली जोडपी आता ५०० चा पंचविसावा भाग, म्हणजे २०. बेरजा त्याच, धोक्याचा खण दुप्पट! जिल्ह्याची सरासरी ही वाढ दाखवत नाही. अक्कलकुवा, धडगावसारख्या तालुक्यांत गावनिहाय, पाडानिहाय नोंद हवी ती यासाठीच.

दोघे वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ आजारी असण्याची शक्यता चारात एक, वाहक असण्याची दोनात एक. पहिले मूल आजारी निघाले म्हणून पुढची तीन निरोगी, असे नाही. दोन मुलांपैकी निदान एक आजारी असण्याची शक्यता सोळात सात आहे.

वाहक म्हणजे रुग्ण नव्हे. जोडीदाराला सिकल किंवा थॅलेसेमियासारखा हिमोग्लोबिनचा दोष नसेल, तर मूल सिकलसेलचे रुग्ण होत नाही. त्यामुळे मुलगी वाहक निघाली म्हणून सोयरीक मोडणे हा अन्याय आहे. विचारायचे ते दोघांचे कार्ड. गरोदर बाई वाहक निघाली तर नवऱ्याची तपासणी पहिल्या तीन महिन्यांतच व्हावी, म्हणजे गर्भाच्या तपासणीबद्दल विचार करायला वेळ मिळतो. प्राथमिक विद्राव्यता चाचणीत वाहक आणि रुग्ण वेगळे ओळखू येत नाहीत. इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करूनच खात्री करावी.

अभियानाच्या अहवालात आणखी एक आकडा छापला जावा : दोघेही वाहक असलेली किती जोडपी सापडली आणि त्यांपैकी किती जणांना समुपदेशन मिळाले.