नावाची चोरी आणि निर्दोषाची पायपीट

घरात चोरी झाली तर घरमालकाला ती दुसऱ्या दिवशी सकाळी कळते. शेजारी जमतात, पंचनामा होतो, चार माणसे हळहळतात. नावाची चोरी मात्र ज्याचे नाव त्यालाच सर्वांत शेवटी कळते. एखादा शिक्षक घरासाठी कर्ज मागावयास बँकेत जातो आणि आपल्या नावावर अगोदरच दोन कर्जे थकलेली आहेत, हे त्याला टेबलापलीकडचा अधिकारी ऐकवितो. त्या क्षणापासून त्याच्याकडे फिर्यादी म्हणून नव्हे, तर थकबाकीदार म्हणून पाहिले जाते. या गुन्ह्याची खरी झळ येथे आहे. पैशाचे नुकसान ही त्यामानाने लहान बाब होय.

तोतयेगिरी महाराष्ट्राला नवी नाही. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचे नाव धारण करून एक इसम उभा राहिला, कोकणातील किल्ले त्याने ताब्यात घेतले आणि १७७६ मध्ये देहदंड होईपर्यंत पेशवाईच्या जिवाला घोर लावला. परंतु त्या तोतयाला निदान भाऊसाहेबांसारखे दिसावे तरी लागत होते! आजच्या तोतयाला कोणासमोर यावेच लागत नाही. दुसऱ्याचा पॅन क्रमांक, जन्मतारीख आणि ओळखपत्राची एखादी छायाप्रत एवढे त्याला पुरते. झटपट कर्ज देणाऱ्यांना गिऱ्हाईक मिळविण्याची जी घाई असते, ती त्याच्या पथ्यावरच पडते.

एप्रिल २०२२ मध्ये राजकुमार राव या अभिनेत्याने आपल्या पॅन क्रमांकावर कोणी अडीच हजार रुपयांचे कर्ज काढले व त्यामुळे आपली पत घसरली, अशी जाहीर तक्रार केली. रक्कम क्षुल्लक, पण वृत्तपत्रांनी तिची दखल घेतली. ज्याच्या तक्रारीची बातमी होत नाही, त्याचे काय? २०२० च्या आरंभी ठाणे जिल्ह्यातील एका रोजंदारी मजुराला एक कोटीहून अधिक रुपयांच्या प्राप्तिकराची नोटीस आल्याचे प्रसिद्ध झाले होते. नोटाबंदीच्या काळात त्याच्या नावावरील खात्यात लाखो रुपये भरले गेले होते. आपली कागदपत्रे बनावट वापरून ते खाते उघडले गेले, असे त्याचे म्हणणे होते. दिवसाला तीन-चारशे रुपये मिळविणाऱ्या माणसाने प्राप्तिकर कार्यालय आणि पोलीस चौकी यांच्या चकरा मारावयाच्या, तर प्रत्येक चकरेला एक रोज बुडतो. हा हिशेब कोणत्याही नोटिशीत मांडलेला नसतो.

हे कागद बाहेर जातात कसे? आपणच देतो म्हणून. शाळाप्रवेश, भाड्याची खोली, शिष्यवृत्तीचा अर्ज, कशासाठीही आधारची झेरॉक्स मागितली जाते; ती पुढे कोणत्या कपाटात जाते आणि रद्दीत केव्हा निघते, हे कोणी विचारीत नाही. हे वाचणाऱ्या शिक्षकांपैकी आणि कारकुनांपैकी अनेकांना असे गठ्ठे स्वत:च गोळा करावे लागतात. २७ मे २०२२ रोजी आधार प्राधिकरणाच्या बंगळूर कार्यालयाने, अशी प्रत कोणालाही देऊ नका, तिचा गैरवापर होऊ शकतो, शेवटचे चारच अंक दाखविणारे आधार वापरा, असा इशारा दिला. दोनच दिवसांत तो मागे घेण्यात आला आणि नागरिकांनी नेहमीचे तारतम्य बाळगावे, असे सांगण्यात आले. पहिला इशारा अधिक प्रामाणिक होता, असे आम्हांस वाटते. प्रवेशाच्या रांगेत उभ्या असलेल्या पालकाने तारतम्य ते कोणते बाळगावे?

कायदा नाही, असे नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने ६६-क हे कलम आले. दुसऱ्याची ओळख चोरणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. पण हे सारे चोर सापडल्यानंतरचे. दरम्यान पीडिताची पत कोणी दुरुस्त करावयाची? पतमापन संस्था म्हणते, कर्ज देणाऱ्याने मान्य केल्याशिवाय नोंद बदलता येत नाही. कर्ज देणारा पोलिसांचा कागद मागतो. पोलीस पुन्हा कर्ज देणाऱ्याकडे बोट दाखवितात. तोपर्यंत वसुलीचे फोन थांबत नाहीत. ते बायकोला जातात, कचेरीतल्या साहेबांनाही जातात. आणि ज्या माणसाने जन्मात कोणाचे चार आणे बुडविले नाहीत, तो सहकाऱ्यांशी बोलताना नजर चुकवू लागतो.

रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२४ पासून, अशा तक्रारीचे निवारण ३० दिवसांत न झाल्यास दिवसाला १०० रुपये भरपाई देण्याचा नियम लागू केला. पाऊल योग्यच आहे. पण भरपाई विलंबाची आहे, बदनामीची नाही. वस्तुत: याच बँकेने २०१७ मध्ये एक उत्तम तत्त्व घालून दिले होते: खात्यातून परस्पर पैसे गेले तर जबाबदारी ग्राहकाची आहे, हे सिद्ध करण्याचा भार बँकेवर राहील. मग खात्यातून गेलेल्या पैशाला जो न्याय, तो नावावर काढलेल्या कर्जाला का नसावा? आपण कर्ज घेतले नाही, हे कोणी कसे सिद्ध करावयाचे? घेतले असल्याचा पुरावा देणाऱ्याजवळ असला पाहिजे. कर्ज कोणाच्या हाती दिले, हे त्यालाच ठाऊक असावयास हवे. लेखी तक्रार येताच वसुली थांबावी, वादग्रस्त नोंद पतीच्या हिशेबातून तूर्त बाजूला ठेवावी आणि ठराविक मुदतीत पुरावा न दिल्यास ती कायमची पुसावी, एवढा नियम रिझर्व्ह बँकेला करता येण्यासारखा आहे. त्यासाठी चोर सापडण्याची वाट पाहण्याचे कारण नाही.