ढगाचा उतार कोणत्या बाजूला?

गर्जन्मेघाच्या तळातून जमिनीकडे झुकलेला काळपट ढग शेल्फ क्लाउड आहे की वॉल क्लाउड, याचा निर्णय छायाचित्र पाहून क्वचितच लागतो. दोन्हींचा तळ मुख्य ढगाच्या तळापेक्षा खाली असतो आणि दोन्ही सारखेच भीतिदायक दिसतात. त्यांची घडण मात्र परस्परविरुद्ध आहे.

शेल्फ क्लाउड हे वादळातून बाहेर पडणाऱ्या हवेचे काम. पावसाबरोबर कोसळलेली थंड हवा जमिनीवर आपटून पसरते, पाचरीसारखी पुढे घुसते आणि समोरची उबदार, दमट हवा तिच्यावरून वर ढकलली जाते. त्या कडेवर थरांवर थर रचल्यासारखा लांबलचक ढग तयार होतो. वर्गीकरणात तो आर्कस. त्याचा उतार पावसापासून दूर, पुढच्या बाजूला असतो, तर मागचा तळ फाटका आणि घुसळलेला दिसतो. तो डोक्यावर येतो त्या सुमारास वाऱ्याचा जोरदार झोत येतो आणि पाऊस त्याच्या मागून. हाच ढग वादळापासून सुटून नळकांड्यासारखा एकटा फिरू लागला तर तो व्होल्यूटस. जुलै 2023 मध्ये हरिद्वारच्या आकाशात दिसलेला आणि देशभर गाजलेला ढग शेल्फ क्लाउडच होता. अशा चित्रांखाली सर्रास ‘ढगफुटी’ लिहिले जाते. वास्तविक ढगफुटी हे पावसाचे माप आहे, तासाला सुमारे 100 मिलिमीटर. ढगाच्या आकाराशी त्याचा संबंध नाही.

वॉल क्लाउड वादळात शिरणाऱ्या हवेखाली बनतो. वर चढणारा प्रवाह पावसाने गारवलेली दमट हवाही ओढून घेतो. ही हवा कमी उंचीवरच संपृक्त होते, म्हणून पाऊस नसलेल्या तळाखाली ढगाचा एक तुकडा उतरतो. त्याचा उतार पावसाकडे असतो. 1957 च्या जूनमध्ये अमेरिकेतील फार्गो शहरावर आलेल्या टोर्नेडोची छायाचित्रे तपासताना हवामानशास्त्रज्ञ तेत्सुया फुजिता यांनी हे नाव रूढ केले, पण आंतरराष्ट्रीय मेघसंग्रहात म्यूरस म्हणून त्याला जागा मिळायला 2017 उजाडले. टोर्नेडो अशाच ढगाखालून उतरू शकतो, आणि भारतीय उपखंडात हा विषय पुस्तकी नाही: 26 एप्रिल 1989 रोजी बांगलादेशातील माणिकगंज परिसरात एका टोर्नेडोने हजाराहून अधिक बळी घेतले.

खरी कसोटी फिरण्याची. विजेचा खांब किंवा झाडाचा शेंडा खूण म्हणून धरून ढग दोन-तीन मिनिटे न्याहाळावा. वॉल क्लाउड एका जागी टिकतो आणि धोकादायक असेल तर उभ्या अक्षाभोवती सावकाश, पण सातत्याने फिरतो. पावसाच्या कडेने लोंबणाऱ्या फाटक्या चिंध्या, म्हणजे पॅनस, वर-खाली होतात, विरतात, पुन्हा जुळतात. क्षणभर सोंडेसारख्याही दिसतात. टोर्नेडोच्या खोट्या वार्ता बहुतेक यांच्यामुळेच निघतात. वॉल क्लाउडला चिकटलेली, पावसाच्या दिशेने गेलेली शेपटी म्हणजे कॉडा.

मॅमा ओळखायला सोपा आणि गैरसमजाला सर्वांत जवळचा. गर्जन्मेघाच्या माथ्यावर पसरलेल्या ऐरणीसारख्या भागाच्या खालच्या अंगाला पिशव्या लोंबतात. तिथली हवा खाली उतरत असते. मावळतीचे ऊन खालून पडले की दृश्य विलक्षण दिसते, पण टोर्नेडोचा इशारा म्हणून त्याचा उपयोग नाही. कित्येकदा तोवर वादळाचा गाभा पुढे निघून गेलेला असतो. खवळलेला समुद्र उलटा टांगल्यासारखा दिसणारा अ‍ॅस्पेरिटास तर मुळात गर्जन्मेघाचा भागच नव्हे. तो बहुधा स्तरराशी किंवा मध्यराशी मेघांच्या तळाशी आढळतो. 2006 मध्ये आयोवातील सीडर रॅपिड्स येथे टिपलेल्या छायाचित्राने त्याची चर्चा सुरू झाली आणि त्यालाही मान्यता 2017 मध्येच मिळाली.

नोंदीच्या वेळी खरी अडचण येते. हवामान निरीक्षणे कळवण्याच्या सिनॉप संकेतात खालच्या ढगांसाठी एकच अंक आहे. ऐरणधारी गर्जन्मेघाला 9 लिहिले की आर्कस, मॅमा, म्यूरस सगळे त्याच अंकात गडप होतात. म्हणून शेऱ्याच्या रकान्यात वेळ, दिशा, क्षितिजापासूनचा कोन, पाऊस ढगाच्या कोणत्या अंगाला होता आणि फिरणे दिसले की नाही, हे लिहावे लागते. फिरणे दिसले नाही, तर तसेही लिहावे. छायाचित्रात क्षितिज यायलाच हवे. त्याशिवाय उतार मोजता येत नाही.